बेलसरेसाहेबांचा फुटबॉल हंगाम

अजय बेलसरे कुवेतमधल्या एका खाजगी कॉलेजात इंटर्नल ऑडिटर होता. म्हणजे संशय घेण्याचा त्याला पगार मिळायचा, आणि नसता मिळाला तरी हे काम त्याने फुकट केलं असतं. मूळचा सांगलीचा. लग्नाआधी चारुताला बघायला गेला तेव्हा पोहे फार चांगले झाले होते, म्हणून हे मुलीनेच केलेत ना, असं त्याने भर बैठकीत विचारलं. "नाही, आईने केलेत," असं चारुताने सरळ सांगून टाकलं, आणि त्या एका खऱ्या उत्तरावर त्याने होकार कळवला. आता रिग्गईतल्या फ्लॅटमध्ये राहतानाही त्याच्यात फरक पडला नव्हता. जमियात, म्हणजे तिथल्या सहकारी दुकानात, एकावर एक फुकट अशी पाटी दिसली की तो आधी तारीख बघायचा, मग डबा हलवून बघायचा आणि शेवटी न घेताच परत यायचा. "बाबा, जस्ट बाय इट," असं त्याची मुलगी अंतरा कंटाळून म्हणायची.

असा माणूस वाईट नसतो. त्याच्याबरोबर बाजारात जाऊ नये, एवढंच.

या माणसाच्या गळ्यात कॉलेजने एक दिवस अमेरिकन फुटबॉलची टीम बांधली. टीमचं नाव ओरिक्स, वाळवंटातल्या त्या लांब शिंगांच्या हरणावरून. ज्याला फुटबॉल म्हणतात पण पाय ज्यात क्वचितच चेंडूला लागतो, असा तो खेळ. दोन्ही बाजूंचे दांडगे तरुण हेल्मेट घालून एकमेकांवर आदळायचे आणि मधेच एखादा चेंडू काखोटीला मारून पळत सुटायचा. आदल्या वर्षी टीमची काही हेल्मेट गायब झाली होती, तेव्हा खेळ विभागाची प्रमुख मारिया हिला सामानावर डोळा ठेवणारा मॅनेजर हवा होता. मारिया मडगावची, कामाला कडक. "तुमच्याइतका डोळा कुणाचाच नाही," असं म्हणून तिने अजयला हरभऱ्याच्या झाडावर चढवलं आणि तो चढला.

टीमचा कोच नबील हा तिथलाच, कुवेती. शिकायला ओहायोला होता, तिथून हा खेळ घेऊन आला. ड्रेसिंग रूममध्ये त्याने एक मोठा जुना फोटो लावला होता. विसाव्या शतकाच्या सुरुवातीची, ओहायोतल्या कुठल्याशा लहान कॉलेजची टीम. पीळदार मिशांचे तरुण, जाड लोकरीचे स्वेटर, एखाददुसऱ्याच्या हातात चामड्याची टोपी. आजच्यासारखं हेल्मेट तेव्हा नव्हतंच. हंगामाच्या पहिल्या दिवशी नबीलने सगळ्यांना त्या फोटोसमोर बसवलं आणि गोष्ट सांगितली.

"या लोकांनी त्या वर्षी सुरुवातीला सगळ्यांना हरवलं," नबील म्हणाला. "मग एका सामन्यापासून असं व्हायला लागलं, की चेंडू जिकडे जाणार तिकडे समोरचे आधीच उभे. यांना वाटलं, आपले डाव कुणीतरी फोडतोय. तेव्हा बाहेरचे लोहार, गिरणीतले मजूर खोट्या नावाने कॉलेजात भरती करून खेळवायचे. आधी अशा एकावर संशय घेतला, त्याला हाकललं. मग टॉवेल धरणाऱ्यावर. मग कॅप्टनवर. शेवटच्या सामन्याला अकरा जणसुद्धा जमले नाहीत."

"कोण होता तो?" अजयने मागून विचारलं.

"कधीच कळलं नाही. कदाचित कुणीच नसेल. समोरचे फक्त जास्त चांगले खेळत असतील." नबील मुलांकडे वळला. "म्हणून शेजारच्यावर भरवसा ठेवायचा."

मुलांनी माना हलवल्या. अजयनेही हलवली, पण त्याने त्या गोष्टीतून घेतलं ते वेगळंच. त्याच्या मते त्या मिशीवाल्यांची चूक एकच होती, की त्यांनी वेळेवर आणि पद्धतशीर चौकशी केली नाही.

टीमचं सामान बघायला नझीर होता. पन्नाशी ओलांडलेला, दाभोळचा. वीस-बावीस वर्षं कुवेतमध्ये काढलेली, आणि व्हिसा कॉलेजचा नव्हे, कामगार पुरवणाऱ्या एका कंपनीचा. कंपनीने नेमलं तिथे जायचं, काढलं तर इकामा म्हणजे राहण्याचा परवाना रद्द आणि विमानात बसायचं. या वयात दुसरी कंपनी दारात उभं करत नाही, हे नझीरला ठाऊक होतं. मे महिन्यात थोरल्या लेकीचं लग्न ठरलं होतं आणि त्यानंतरही दोन पोरांची शिक्षणं बाकी होती. पहिल्याच दिवशी अजयचं आडनाव ऐकून त्याचा चेहरा फुलला.

"मराठी काय? मग बरां झालां," तो म्हणाला. "दिवसभर तोंडात हिंदी नाय तर अरबी. आपल्या भाषेत बोलायला माणूस मिळाला."

त्यानंतर अजय मैदानावर आला की नझीरभाई चहा घेऊन हजर. "साहेब, उन्हात कशाला उभे? हिकडं सावलीत या." मग दाभोळची खाडी, फेरीबोट, सुरमईचा भाव आणि बायको फातिमा गावाकडे भिंत बांधून घेताना गवंड्याशी कशी भांडली, हे सगळं. अजयला ते ऐकायला आवडायचं. ऑफिसात त्याच्याशी कुणी आपणहून बोलायला येत नसे, कारण ऑडिटरशी गप्पा मारायला येणाऱ्याचं काहीतरी अडकलेलं असतं, असा त्याचा समज होता आणि लोकांना तो समज माहीत होता.

लीग चार कॉलेजांची. थंडी पडायला लागली की सामने सुरू. ओरिक्सने पहिला सामना सहज मारला. दुसरा होता मरिनर्सशी, आणि खरी टक्कर त्यांच्याशीच असायची. नबील कडेला उभा राहून हाताने खुणा करायचा. टोपीला हात लावला की चेंडू उजवीकडून पळवायचा, कान धरला की लांब फेकायचा, पट्टा ओढला की सगळ्यांनी मधून घुसायचं. अजय त्याच्या शेजारीच असल्याने त्यालाही खुणा पाठ झाल्या, आणि खुणा कळल्यावर खेळही कळायला लागला. शेवटच्या मिनिटाला नबीलने कान धरला, चेंडू उंच गेला, ओरिक्सच्या पोराने तो पळता पळता झेलला आणि सामना जिंकला. अजय आयुष्यात पहिल्यांदा ओळख नसलेल्या माणसाला मिठी मारून नाचला.

नाचून झाल्यावर तो सामान मोजायला बसच्या मागे गेला आणि थबकला. तिथे नझीर मरिनर्सच्या सामानवाल्याला काहीतरी देत होता. रुमालात बांधलेला स्टीलचा डबा. त्या माणसाने इकडेतिकडे बघून तो पिशवीत टाकला आणि निघून गेला.

"कोण तो?" अजयने सहज विचारल्यासारखं केलं.

"महबूब. अंजनवेलचा. आमच्या खाडीच्या पलीकडला," नझीर म्हणाला आणि हेल्मेट पुसायला लागला.

उत्तर सरळ होतं, पण अजयच्या मनात शंकेची पाल चुकचुकलीच. समोरच्या टीमचा माणूस, आणि देवाणघेवाण बसच्या आड.

डिसेंबरात कुवेतमधल्या मराठी मंडळाची पिकनिक वफ्रातल्या एका फार्मवर होती. नाव हुरडा पार्टी, प्रत्यक्षात फ्रोझन मक्याचे दाणे, पण उत्साहाला तोटा नव्हता. जेवणं झाल्यावर कुणीतरी अजयला छेडलं, की काय हो बेलसरे, तुम्ही म्हणे हल्ली पहिलवानांचे मॅनेजर झालात. एरवी तो हसून गप्प बसला असता. पण त्या दिवशी ऊन कोवळं होतं, मठ्ठा चांगला होता, आणि खेळ समजल्याचा आनंद त्याच्या पोटात मावत नव्हता. त्याने सतरंजीवर वाट्या मांडल्या. अकरा वाट्या इकडे, अकरा द्रोण तिकडे, चेंडू म्हणून एक लिंबू. मग स्वतः उठून तो नबील झाला. टोपीला हात लावून लिंबू उजवीकडून पळवलं, कान धरून थेट जिलबीच्या ताटात फेकलं, पट्टा ओढून सगळ्या वाट्या द्रोणांत घुसवल्या. बायका डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसल्या. आलोक नावाचा एक बँकवाला प्रत्येक कार्यक्रमाचा व्हिडिओ काढायचा, तसा त्याने याचाही काढला आणि मंडळाच्या ग्रुपवर टाकला. अजयला इतकी दाद आयुष्यात कधी मिळाली नव्हती. घरी जाताना गाडीत चारुता म्हणाली, "असा असतोस तेव्हा किती बरा वाटतोस." तो घरापर्यंत शिट्टी वाजवत गेला.

जानेवारीत मरिनर्सशी दुसरा सामना झाला आणि ओरिक्सचं पार पानिपत झालं. नबीलने टोपीला हात लावला की मरिनर्स उजवीकडे. कान धरला की तिघे मागे पळून उभे. एक गुणसुद्धा मिळाला नाही. दुसऱ्या अर्ध्यात नबील हात खिशात घालून नुसता उभा राहिला. पोरं मान खाली घालून बसमध्ये चढली, आणि बसच्या मागे महबूब नझीरच्या हातात तोच डबा ठेवत होता. या खेपेला नझीरने तो उघडून आत बघितलं, दोघं काहीतरी बोलले आणि हसले.

हसले, हे अजयला झोंबलं. आपली पोरं रडत असताना हा हसतो कसा?

घरी त्याने चारुताला सगळं सांगितलं. ती शेजारच्या मल्याळी बाईंचा डबा धुऊन त्यात लाडू भरत होती.

"तो डबा तिकडे जातो, मग तिकडून इकडे येतो. प्रत्येक सामन्याला. याचा अर्थ काय?"

"याचा अर्थ एकाने काहीतरी पाठवलं आणि दुसरा रिकामा डबा परत देत नाही," चारुता म्हणाली. "तोही रिकामा देत नसेल, म्हणून थांबत नाही. आमचं नाही का चाललंय दोन वर्षं? मला तर आता त्या केळ्याच्या चिप्स बघवत नाहीत, पण करणार काय."

"तुला ऑडिट कळत नाही."

"मला डबे कळतात," ती म्हणाली. "विचार ना त्याला सरळ, डब्यात काय असतं म्हणून. तुझ्याशी एवढं बोलतो तो."

पण सरळ विचारायचं नसतं, हा अजयच्या धंद्याचा पहिला नियम होता. विचारलं की माणूस सावध होतो. आधी पुरावा, मग प्रश्न. मग तो एका शुक्रवारी नझीरच्या मागावर शर्कच्या मासळीबाजारात गेला. काळा गॉगल घातलेला, मासे न खाणारा हा माणूस पापलेटांच्या ढिगामागे उभा राहून तोंडाला रुमाल लावत होता, आणि विक्रेता त्याला तीनतीनदा विचारत होता, काय देऊ. बाहेर गाड्या लावायच्या जागेशेजारी नझीर आणि महबूब उकिडवे बसले होते. नझीरच्या हातात काटकी होती. त्याने मातीत एक चौकोन काढला, आत रेघा मारल्या, एका बाजूला गोल काढले आणि बोटाने दाखवलं की इकडून असं, मग तिकडून असं. महबूबने मान हलवून एक गोल पुसला आणि दुसरीकडे काढला. गोल म्हणजे खेळाडू, रेघा म्हणजे डाव. नबील फळ्यावर अगदी असंच काढायचा. त्याने मोबाईल झूम करून फोटो काढला.

त्याला वाईट वाटलं नाही असं नाही. गाडीत बसल्यावर त्याला नझीरचा चहा आठवला, आणि तो चहासुद्धा आता वेगळा वाटायला लागला. एवढा जिव्हाळा उगाच कोण दाखवतो? माहिती काढायलाच ना? एकदा हे मनात आलं की मागच्या प्रत्येक गोष्टीचा अर्थ बदलत गेला. सावलीत बोलावणं, म्हणजे आपल्याला नबीलपासून लांब नेणं. गावच्या गप्पा, म्हणजे आपल्याला गाफील ठेवणं. संशयाचं हे असंच असतं, त्याला उपाशी कधी राहावंच लागत नाही.

त्याने फोटो मारियाला दाखवला. नबीलही होता. नबीलने फोटो मोठा करून बघितला आणि म्हणाला, "मला काही हे पटत नाही. हा कुठलाच डाव नाही."

"तुमच्या खुणा त्यांना कळल्या, हे तर खरं?" अजय म्हणाला. "मग आणखी कोण? पोरं सोडली तर खुणा जवळून बघणारे आपण तिघंच. तुम्ही, मी आणि तो."

मारियाने थोडा विचार केला. आरोपबिरोप काही करायचा नाही, ती म्हणाली, नुसता कंपनीला निरोप देऊ की माणूस बदलून द्या. नझीरला कारणही सांगितलं गेलं नाही. पण कुणामुळे, हे अशा ठिकाणी न सांगताही कळतं. शेवटच्या दिवशी त्याने सगळी हेल्मेट धुऊन ओळीत मांडली, चाव्या अजयच्या हातात दिल्या आणि विचारलं, "साहेब, माझं काय चुकलं?"

अजयने घड्याळात बघितलं. "मला काही कल्पना नाही," तो म्हणाला. एवढं धडधडीत खोटं त्याने आजवर दुसऱ्याच्या तोंडून फक्त पकडलं होतं.

फायनल फेब्रुवारीत, पुन्हा मरिनर्सशीच. नबीलने सगळ्या खुणा बदलल्या. टोपी म्हणजे आता लांब फेक, कान म्हणजे मधून मुसंडी. नबीलने कान धरला आणि मरिनर्सचे तिघे झटकन मागे धावले, तशी ओरिक्सची पोरं मधल्या रिकाम्या जागेतून पळत गेली. प्रेक्षक वेडे झाले. ओरिक्सने कप जिंकला, पोरांनी नबीलला खांद्यावर घेतलं, आणि नबीलने अजयला हात धरून फोटोत ओढलं. अजयची कॉलर ताठ झाली. माणूस काढला, सामना जिंकला. आता कुणी काय बोलायचं? चारुताला त्याने तसं म्हटलंही. ती म्हणाली, "खुणा पण बदलल्या होत्या ना?"

त्याच महिन्याच्या अखेरीस मंडळाचा मराठी भाषा दिन होता. मुलांनी अडखळत भाषणं केली, आणि मधेच अध्यक्षांनी विजेत्या टीमचे मॅनेजर म्हणून अजयला शाल आणि नारळ दिला. टाळ्या झाल्या. खाली उतरल्यावर आलोकची मुलगी क्षितिजा त्याच्याकडे आली. ही मरिनर्सच्याच कॉलेजात शिकायची. कोपऱ्यातल्या खुर्चीत बसून त्याने चहाचा कप हातात घेतला होता.

"काका, दॅट वॉज सो मीन," ती हसत म्हणाली. "तुम्ही सगळे सिग्नल्स चेंज केले. आमची टीम इतकी चिडली! दे हॅड लर्न्ट युवर व्हिडिओ बाय हार्ट."

"कुठला व्हिडिओ?"

"पिकनिकचा. लिंबूवाला. बाबांनी ग्रुपवर टाकलेला. मी फक्त फनी आहे म्हणून एका फ्रेंडला दाखवला, तो टीममध्ये आहे. मग त्यांच्या कोचने बघितला. जानेवारीत त्यावरच तर जिंकले ते." तिने त्याच्या चेहऱ्याकडे बघितलं. "काका? आर यू ओके? इट वॉज जस्ट अ गेम."

आपण तिघंच, असं तो मारियाला म्हणाला होता. तिघांत स्वतःला धरून मोजलं होतं आणि तपासलं मात्र एकालाच. शाल अंगावर होती, ती त्याला टोचायला लागली. आजवर इतक्या लोकांची उलटतपासणी घेतली, पण मंडळाच्या ग्रुपवर काय जातं याचा त्याला एकदाही संशय आला नव्हता. ती आपली माणसं होती.

दुसऱ्या दिवशी तो अब्बासियाला गेला. नझीरची इमारत शोधायला वेळ लागला, कारण इतक्या गप्पांत त्याने नझीरला कुठे राहता हे कधी विचारलंच नव्हतं. खाली किराणा दुकानापाशी महबूब भेटला. त्याने अजयला ओळखलं. पण बसा, असं म्हणाला नाही.

"नझीरभाई आहेत का?" अजयने विचारलं.

"मंदूबबरोबर गेलाय, कागदांना," महबूब म्हणाला. मंदूब म्हणजे कंपनीची सरकारी कामं करणारा माणूस. "व्हिसा रद्द करायचा चाललाय. कंपनी म्हणते दुसरी जागा नाय. अठ्ठावीस सालापर्यंत राहायचा विचार होता त्याचा, धाकट्याचं शिक्षण होईस्तोवर."

अजयने मोबाईल काढून तो मासळीबाजाराचा फोटो दाखवला. "हे काय होतं?"

महबूबने फोटो बघितला. मग त्याच्याकडे बघितलं. त्याला सगळं तेव्हाच समजलं असावं.

"ह्याच्यावरनं काढलंत त्याला?" तो सावकाश म्हणाला. "हा त्याचा आंगण हाय. लेकीच्या लग्नाला मांडव कुठं घालायचा, जेवणाच्या देगी कुठं ठेवायच्या, ते दाखवत व्हता. मी म्हटलं देगी विहिरीकडं नको, धूर माणसांत जाईल. म्हणून तो गोल पुसला."

"आणि डबा?"

"माझी बायको अदिबा हितं टिफिन करते. एकदा सांदणं दिली त्याला. त्याने सुरमई तळून भरून दिली. मग तिनं परत काय तरी दिलं. रिकामा डबा कसा द्यायचा साहेब? तुमच्यात देतात काय?"

"नाही," अजय म्हणाला. "देत नाहीत."

तो तिथून थेट मारियाकडे गेला. मारियाने व्हिडिओ शेवटपर्यंत बघितला, लिंबू जिलबीत पडलं तिथे तिच्या ओठांचा कोपरा हलला आणि लगेच थांबला.

"कप आलाय, विषय संपलाय," ती म्हणाली. "आता हे उकरायचं तर कंपनीला कारण द्यावं लागेल. चूक कुणाची ते लिहावं लागेल. तुमच्या फाइलला राहील ते. ऑडिटरच्या फाइलला बरं दिसत नाही, तुम्हाला मी सांगायला नको."

अजयला ते चांगलं माहीत होतं. गप्प राहिला असता तर कुणालाही कळलं नसतं. क्षितिजाच्या लेखी तो नुसता एक खेळ होता. त्याला भीती वाटली, खरीखुरी. नोकरी गेली तर अंतराचं कॉलेज, घराचे हप्ते, सगळंच. मग त्याला वाटलं, हीच भीती महिनाभर दुसऱ्या माणसाच्या पोटात आहे, आणि त्याने तर काहीच केलेलं नाही.

"लिहा," तो म्हणाला. "माझं नाव घालून लिहा. आजच लिहा."

नोकरी गेली नाही. ताकीद मिळाली, मॅनेजरपद गेलं. नबील भेटायला आला, पण फोटोतल्या त्या टीमचा विषय त्याने काढला नाही, आणि अजयला ते सांगून ऐकवण्यापेक्षा जास्त लागलं. कंपनीने बरीच टाळाटाळ केली, मारिया दोनदा स्वतः त्यांच्या ऑफिसात जाऊन बसली, आणि व्हिसा रद्द व्हायचा थांबला. नझीर मैदानावर परत आला.

मार्चमधल्या एका संध्याकाळी अजय सामानाच्या खोलीच्या चाव्या द्यायला गेला. खोलीत नझीर फोनवर कुणाशी तरी बोलत होता, दाभोळच्या त्या हेलात, मोठमोठ्याने, हसत. अजय दारात दिसताच त्याने फोन ठेवला आणि उठून उभा राहिला.

"नझीरभाई," अजय म्हणाला. इथे येईपर्यंत त्याने वाक्यं जुळवली होती, ती सगळी एकदम आली. "माझ्यामुळे झालं ते. मी तुम्हाला एका शब्दाने विचारलं नाही. विचारायला हवं होतं. मला फार वाईट वाटतंय."

"कोई बात नहीं, सर," नझीर म्हणाला. "हो जाता है."

अजयला क्षणभर कळलं नाही. मग कळलं. त्याने पुन्हा मराठीतच विचारलं, की फातिमाभाभी कशा आहेत, भिंत झाली का पुरी.

"जी सर. सब ठीक है, अल्लाह का शुकर है." नझीरने दोन्ही हातांनी चाव्या घेतल्या. आवाजात राग नव्हता. कॉलेजातल्या बाकीच्या सगळ्या साहेबांशी तो याच आवाजात, याच अदबीने बोलायचा. "और कुछ काम था, सर?"

बाहेर पोरं सरावाला जमायला लागली होती. अजयला जाता येईना. शेवटी त्यानेही हिंदीतच विचारलं, बेटी की शादी कब है. नझीरने तारीख सांगितली, वार सांगितला, मांडव घराच्या अंगणातच असणार हेही सांगितलं. फक्त, लग्नाला या, असं म्हणाला नाही.